गर्भावस्थेतील इस्ट्रोजेन

गर्भावस्थेत स्त्रीच्या शरीरातील इस्ट्रोजेन गटातील संप्रेरकांचे प्रमाण सातत्याने वाढत जाते आणि प्रसूतीनंतर ते झपाट्याने घटते. ही संप्रेरके गर्भारपणाच्या पहिल्या काही आठवड्यांत अंडाशयात आणि त्यानंतर मुख्यतः वारेत, म्हणजेच अपरेत, तयार होतात. त्यांपैकी इस्ट्रिऑल या संप्रेरकाच्या निर्मितीत गर्भाचा मोठा वाटा असतो. त्यामुळे आईच्या रक्तातील किंवा मूत्रातील इस्ट्रिऑलच्या प्रमाणावरून गर्भाच्या स्थितीविषयी काही अनुमान काढता येते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या मोजमापाला प्रसूतिशास्त्रात महत्त्वाचे स्थान होते. आज नेहमीच्या प्रसूतिपूर्व तपासणीत इस्ट्रोजेनची पातळी मोजली जात नाही. दुसऱ्या तिमाहीतील चाळणी चाचणी आणि वंध्यत्वावरील काही उपचार अशा मर्यादित प्रसंगीच ती पाहिली जाते.

== प्रकार ==

इस्ट्रोजेन हे एका संप्रेरकाचे नाव नसून समान रचनेच्या स्टेरॉइड संप्रेरकांच्या गटाचे नाव आहे. मानवी शरीरात या गटातील चार नैसर्गिक संप्रेरके आढळतात.

* इस्ट्रोन : रजोनिवृत्तीनंतर स्त्रीच्या शरीरात प्रामुख्याने आढळणारे इस्ट्रोजेन. गर्भावस्थेत त्याचेही प्रमाण वाढते.
* इस्ट्राडायॉल : प्रजननक्षम वयातील मुख्य आणि सर्वांत प्रभावी इस्ट्रोजेन. ते अंडाशयात तयार होते.
* इस्ट्रिऑल : तुलनेने सौम्य इस्ट्रोजेन. गर्भवती नसलेल्या स्त्रीत ते अत्यल्प असते, तर गर्भावस्थेत त्याची निर्मिती प्रचंड प्रमाणात होते.
* इस्टेट्रॉल : केवळ गर्भावस्थेत, गर्भाच्या यकृतात तयार होणारे इस्ट्रोजेन. स्टॉकहोम येथील कॅरोलिन्स्का संस्थेतील संशोधकांनी ते १९६५ मध्ये शोधले.

== निर्मिती ==

=== पहिले आठवडे ===

बीजोत्सर्गानंतर अंडाशयात उरलेल्या पुटकाचे रूपांतर पीतपिंडात होते. गर्भधारणा झाली नाही तर हा पीतपिंड सुमारे दोन आठवड्यांत निकामी होतो. गर्भधारणा झाल्यास वाढत्या वारेच्या पेशींमधून एचसीजी हे संप्रेरक स्रवते आणि पीतपिंड टिकून राहतो. या काळात इस्ट्राडायॉल व प्रोजेस्टेरॉन या दोन्ही संप्रेरकांचा पुरवठा त्याच्याकडून होतो. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजल्यास साधारण सातव्या ते नवव्या आठवड्यात हे काम वार आपल्याकडे घेते. त्यानंतर अंडाशय नसले तरी गर्भ वाढू शकतो. अंडाशयाचे कार्य थांबलेल्या स्त्रियांत दात्या स्त्रीचे बीज वापरून गर्भधारणा घडवून आणतात, तेव्हा सुरुवातीस बाहेरून संप्रेरके द्यावी लागतात आणि वार कार्यक्षम झाल्यावर ती बंद करता येतात.

=== गर्भ आणि वार यांचे एकक ===

इस्ट्रोजेन तयार करण्यासाठी शरीराला आधी अँड्रोजेन गटातील संप्रेरक लागते. अंडाशय ही सर्व प्रक्रिया स्वतः पूर्ण करू शकते. वारेला मात्र ते जमत नाही, कारण प्रोजेस्टेरॉनपासून अँड्रोजेन बनवण्यासाठी आवश्यक असलेले विकर मानवी वारेत जवळजवळ नसते. म्हणून कच्चा माल तिला बाहेरून घ्यावा लागतो. हा माल आई आणि गर्भ या दोघांच्या अधिवृक्क ग्रंथी पुरवतात.

गर्भाच्या अधिवृक्क ग्रंथी त्याच्या शरीराच्या मानाने फार मोठ्या असतात. त्यांचा बराचसा भाग केवळ गर्भावस्थेपुरता असतो आणि जन्मानंतर आक्रसून जातो. या भागात डीहायड्रोएपिअँड्रोस्टेरोन सल्फेट, संक्षेपाने डीएचईए-एस, हे द्रव्य तयार होते. पुढे गर्भाच्या यकृतात या द्रव्याच्या रेणूला सोळाव्या कार्बनच्या ठिकाणी हायड्रॉक्सिल गट जोडला जातो. हे बदललेले द्रव्य नाळेवाटे वारेत पोहोचते. वारेतील सल्फेटेज हे विकर त्यातील सल्फेट काढून टाकते आणि ॲरोमेटेज या विकराच्या क्रियेने त्यापासून इस्ट्रिऑल बनते. तयार झालेले इस्ट्रिऑल आईच्या रक्तात उतरते, तिच्या यकृतात त्याला अन्य रासायनिक गट जोडले जातात आणि शेवटी ते मूत्रावाटे बाहेर पडते.

अशा रीतीने आईच्या रक्तात आढळणाऱ्या इस्ट्रिऑलपैकी सुमारे ९० टक्के इस्ट्रिऑलचा उगम गर्भाच्या अधिवृक्क ग्रंथींत असतो. इस्ट्रोन व इस्ट्राडायॉल यांच्या बाबतीत आईचा आणि गर्भाचा वाटा साधारण निम्मा-निम्मा असतो. हंगेरीत जन्मलेले आणि स्वीडनमध्ये कार्य केलेले संप्रेरकशास्त्रज्ञ एगॉन डिक्फालुसी यांनी १९६० च्या दशकात या सहकार्याची उकल केली. गर्भ आणि वार यांपैकी कोणीही एकट्याने पूर्ण करू शकत नाही ती प्रक्रिया दोघे मिळून पूर्ण करतात, म्हणून या रचनेस 'गर्भ-वार एकक' असे म्हटले जाते.

== पातळीतील बदल ==

गर्भवती नसलेल्या स्त्रीच्या रक्तातील इस्ट्राडायॉलचे प्रमाण पाळीच्या चक्रानुसार दर मिलिलिटरला काही दशक पिकोग्रॅमपासून काही शतक पिकोग्रॅमपर्यंत बदलत राहते. गर्भावस्थेच्या पहिल्या तिमाहीच्या अखेरीस ते हजारांच्या घरात जाते. पूर्ण दिवस भरताना ते सामान्यतः ६,००० ते ३०,००० पिकोग्रॅम इतके असते. निरोगी गर्भावस्थांमध्येही या मर्यादा इतक्या रुंद असतात की दोन गर्भवतींच्या आकड्यांची परस्परांशी तुलना करून काहीच सिद्ध होत नाही.

इस्ट्रिऑल रक्तात ओळखता येण्याजोगे होते ते साधारण नवव्या आठवड्यापासून, म्हणजे गर्भाच्या अधिवृक्क ग्रंथी कार्य करू लागल्यावर. सोळाव्या आठवड्याच्या सुमारास मुक्त, म्हणजे अन्य गटांशी न जोडलेल्या, इस्ट्रिऑलचे प्रमाण दर मिलिलिटरला १ नॅनोग्रॅमच्या आसपास असते. दिवस भरताना ते १० नॅनोग्रॅमच्या पुढे जाते. मूत्रातून बाहेर पडणाऱ्या इस्ट्रोन व इस्ट्राडायॉल यांत गर्भावस्थेत सुमारे शंभरपट, तर इस्ट्रिऑलमध्ये सुमारे हजारपट वाढ होते.

वार शरीराबाहेर पडताच निर्मितीचे मुख्य केंद्र नाहीसे होते. त्यामुळे प्रसूतीनंतर इस्ट्रोजेनची पातळी काही दिवसांतच गर्भधारणेपूर्वीच्या पातळीपर्यंत खाली येते.

== कार्ये ==

गर्भावस्थेत इस्ट्रोजेनचे परिणाम शरीराच्या जवळजवळ प्रत्येक भागावर दिसतात.

* गर्भाशय : गर्भाशयाच्या स्नायुपेशींची वाढ इस्ट्रोजेनमुळे होते. गर्भवती नसताना सुमारे ७० ग्रॅम वजनाचे गर्भाशय दिवस भरताना सुमारे १,१०० ग्रॅमचे होते. या वाढीत सुरुवातीस संप्रेरकांचा आणि नंतर गर्भाच्या वाढीमुळे पडणाऱ्या ताणाचा वाटा असतो. गर्भाशयाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या रुंदावण्यासही इस्ट्रोजेन साहाय्य करते.
* स्तन : दुग्धनलिकांची वाढ इस्ट्रोजेनमुळे होते. मात्र गर्भावस्थेतील उच्च इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन प्रत्यक्ष दूध उतरू देत नाहीत. प्रसूतीनंतर त्यांची पातळी घसरल्यावर, विशेषतः प्रोजेस्टेरॉन कमी झाल्यावर, दूध उतरते.
* यकृत : इस्ट्रोजेनमुळे यकृतात अनेक प्रथिने अधिक प्रमाणात तयार होतात. थायरॉइड संप्रेरक वाहून नेणारे प्रथिन वाढल्याने गर्भवतीच्या रक्तातील एकूण थायरॉक्सिन सामान्य मर्यादेपेक्षा जास्त दिसते आणि केवळ त्यावरून थायरॉइडचा विकार असल्याचा समज होऊ शकतो.
* रक्त : रक्त गोठवणारे अनेक घटक वाढतात. प्रसूतीच्या वेळी होणारा रक्तस्राव आटोक्यात राहण्यास याचा उपयोग होतो, पण त्याचबरोबर शिरांमध्ये गुठळी होण्याचा धोकाही वाढतो.
* त्वचा : चेहऱ्यावर उमटणारे वांग, तळहातांची लाली यांचा संबंध अंशतः इस्ट्रोजेनशी जोडला जातो.
* प्रसूतीची तयारी : अखेरच्या आठवड्यांत गर्भाशयाच्या स्नायूंमधील ऑक्सिटोसिनचे ग्राही आणि पेशींना एकमेकींशी जोडणारे दुवे इस्ट्रोजेनमुळे वाढतात. त्यामुळे कळा एकसंधपणे येऊ शकतात.

ही कार्ये महत्त्वाची असली तरी गर्भ टिकून राहण्यासाठी इस्ट्रोजेनची उच्च पातळी अनिवार्य असतेच असे नाही. ॲरोमेटेज विकराच्या जन्मजात अभावात, तसेच वारेतील सल्फेटेजच्या अभावात, इस्ट्रोजेनची पातळी फारच कमी राहते आणि तरीही बहुधा दिवस पूर्ण भरतात. गर्भ टिकवून ठेवण्याचे मुख्य काम प्रोजेस्टेरॉनचे असते.

== मोजमापाचा इतिहास ==

इस्ट्रोजेनच्या शोधाचा इतिहास गर्भवतीच्या मूत्राशी निगडित आहे. गर्भवतीच्या मूत्रात संप्रेरकांचा मोठा साठा असतो, हे बर्लिन येथील सेल्मार आशहाइम व बर्नहार्ड त्सोंडेक यांनी १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात दाखवून दिले. १९२९ मध्ये अमेरिकेत एडवर्ड डॉयझी आणि जर्मनीत आडोल्फ बुटेनांट यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे गर्भवतीच्या मूत्रातून इस्ट्रोन शुद्ध स्फटिकरूपात वेगळे केले. १९३० मध्ये लंडन येथे गाय मॅरियन यांनी त्याच स्रोतापासून इस्ट्रिऑल मिळवले. सर्वांत प्रभावी असलेले इस्ट्राडायॉल मात्र १९३० च्या दशकाच्या मध्यास डॉयझी आणि सहकाऱ्यांना डुकरिणींच्या अंडाशयांतून वेगळे करावे लागले. सुमारे चार टन अंडाशयांतून त्यांच्या हाती केवळ काही मिलिग्रॅम संप्रेरक आले. बुटेनांट यांना लैंगिक संप्रेरकांवरील कार्यासाठी १९३९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले.

सुरुवातीस संप्रेरकाचे प्रमाण प्राण्यांवरील प्रयोगांतून ठरवावे लागे. १९५५ मध्ये जेम्स ब्राउन यांनी मूत्रातील तिन्ही इस्ट्रोजेन रासायनिक पद्धतीने मोजण्याची विश्वासार्ह रीत प्रसिद्ध केली. तिच्यामुळे रुग्णालयांत हे मोजमाप शक्य झाले. पुढे रोझॅलिन यॅलो व सॉलोमन बर्सन यांनी विकसित केलेल्या किरणोत्सर्गी प्रतिरक्षामापन पद्धतीमुळे रक्ताच्या अल्प नमुन्यातील अतिसूक्ष्म प्रमाणही मोजता येऊ लागले. या कार्यासाठी यॅलो यांना १९७७ मध्ये नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. तोपर्यंत बर्सन हयात नव्हते.

== वारेच्या कार्याची चाचणी म्हणून इस्ट्रिऑल ==

१९६१ मध्ये डेन्मार्कमधील फ्रांडसेन व स्टाकेमान यांनी मेंदूची वाढ न झालेल्या गर्भांच्या मातांच्या मूत्रात इस्ट्रिऑल अत्यंत कमी असल्याचे दाखवले. अशा गर्भांच्या अधिवृक्क ग्रंथींना मेंदूकडून चेतना मिळत नसल्याने त्या खुरटलेल्या राहतात. इस्ट्रिऑल हा गर्भाकडून येणारा संकेत आहे, या कल्पनेला त्यामुळे आधार मिळाला. ध्वनिप्रतिमा तपासणी सर्वत्र उपलब्ध होण्यापूर्वीचा तो काळ होता. गर्भाची खुशाली जाणण्याची साधने मोजकीच असल्याने या संकेताविषयी मोठी आशा निर्माण झाली.

मधुमेह, उच्च रक्तदाब, गर्भाची खुंटलेली वाढ किंवा दिवस उलटून गेलेली गर्भावस्था अशा प्रसंगी गर्भवतीचे २४ तासांचे मूत्र साठवून त्यातील इस्ट्रिऑल पुनःपुन्हा मोजले जाई. दिवस भरत आलेल्या गर्भावस्थेत २४ तासांत १२ मिलिग्रॅमपेक्षा अधिक इस्ट्रिऑल बाहेर पडणे समाधानकारक मानले जाई. ४ मिलिग्रॅमपेक्षा कमी प्रमाण म्हणजे गर्भ गंभीर धोक्यात असण्याची किंवा दगावला असण्याची खूण समजली जाई. एकाच आकड्यापेक्षा लागोपाठच्या आकड्यांत दिसणारी घसरण अधिक अर्थपूर्ण मानली जाई.

या चाचणीच्या उणिवा हळूहळू स्पष्ट झाल्या. दिवसभराचे मूत्र पूर्णपणे साठवणे कठीण होते आणि एखादा नमुना वाया गेल्यास आकडा फसवा ठरे. एकाच गर्भवतीत दिवसागणिक मोठा फरक पडे. आईच्या मूत्रपिंडाचे कार्य मंदावल्यास गर्भ सुस्थितीत असूनही प्रमाण कमी दिसे. अँपिसिलिनसारख्या प्रतिजैविकांमुळे आतड्यातील जिवाणूंवर परिणाम होऊन मूत्रातील इस्ट्रिऑल घटे. गर्भाच्या फुप्फुसांच्या परिपक्वतेसाठी आईला दिलेल्या स्टेरॉइड औषधांमुळे गर्भाच्या अधिवृक्क ग्रंथींचे कार्य काही काळ दबून तोच परिणाम होई.

निर्णायक प्रश्न वेगळाच होता. मोजमाप अचूक असले तरी त्यामुळे बाळे वाचतात काय? १९७६ मध्ये अमेरिकेतून प्रसिद्ध झालेल्या एका नियंत्रित अभ्यासात जोखमीची गर्भावस्था असलेल्या ६२२ स्त्रियांचा समावेश होता. काहींच्या डॉक्टरांना इस्ट्रिऑलचे निष्कर्ष कळवले गेले व काहींच्या डॉक्टरांना कळवले गेले नाहीत. दोन्ही गटांतील बाळांच्या मृत्युप्रमाणात उल्लेखनीय फरक आढळला नाही. अभ्यास लहान होता आणि त्याच्या रचनेत उणिवाही होत्या, परंतु चाचणीच्या बाजूने भक्कम पुरावा अन्यत्रही मिळाला नाही. दरम्यान गर्भाच्या हृदयठोक्यांची आलेखनोंद, ध्वनिप्रतिमा तपासणी आणि नाळेतील रक्तप्रवाहाची डॉप्लर तपासणी उपलब्ध झाली. १९८० च्या दशकात इस्ट्रिऑल चाचणी या कामासाठी मागे पडली.

== डायएथिलस्टिलबेस्ट्रॉल प्रकरण ==

संप्रेरकाची घसरलेली पातळी हे आजाराचे लक्षण आहे की कारण, हा भेद न पाळल्याचे परिणाम वैद्यकाच्या इतिहासात नोंदले गेले आहेत. १९३८ मध्ये इंग्लंडमधील चार्ल्स डॉड्स यांच्या गटाने डायएथिलस्टिलबेस्ट्रॉल हे स्वस्त व तोंडावाटे घेता येणारे कृत्रिम इस्ट्रोजेन तयार केले. बॉस्टन येथील ऑलिव्ह स्मिथ व जॉर्ज स्मिथ यांना गर्भावस्थेतील काही गुंतागुंतींपूर्वी गर्भवतींच्या मूत्रातील संप्रेरके कमी होत असल्याचे आढळले होते. हे औषध दिल्यास वारेची संप्रेरकनिर्मिती वाढेल आणि गर्भपात टळेल, असे प्रतिपादन त्यांनी केले. १९४० च्या दशकापासून अमेरिकेत लाखो गर्भवतींना हे औषध दिले गेले.

१९५३ मध्ये शिकागो येथील सुमारे १,६०० गर्भवतींच्या नियंत्रित अभ्यासात औषधाचा काहीही लाभ दिसला नाही. तरीही त्याचा वापर चालू राहिला. १९७१ मध्ये आर्थर हर्बस्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी योनिमार्गाच्या एका दुर्मीळ कर्करोगाने ग्रस्त आठ तरुणींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी सात जणींच्या मातांनी गर्भारपणी हे औषध घेतले होते. तुलनेसाठी निवडलेल्या ३२ मातांपैकी एकीनेही ते घेतले नव्हते. त्याच वर्षी अमेरिकी औषध प्रशासनाने गर्भवतींना हे औषध देऊ नये असा इशारा दिला. औषधाच्या संपर्कात आलेल्या मुलींपैकी साधारण हजारात एकीला हा कर्करोग झाल्याचे पुढे आढळले. याशिवाय वंध्यत्व, गर्भाशयाच्या रचनेतील दोष आणि अपुऱ्या दिवसांची प्रसूती यांचे प्रमाणही अशा मुलींत अधिक दिसले.

इस्ट्रोजेनची कमी पातळी बहुतेक प्रसंगी गर्भ किंवा वार यांच्या बिघडलेल्या स्थितीचा परिणाम असते. बाहेरून इस्ट्रोजेन दिल्याने तो बिघाड दुरुस्त होत नाही. म्हणून नैसर्गिकरीत्या राहिलेल्या गर्भावस्थेत केवळ आकडा वाढवण्यासाठी इस्ट्रोजेन दिले जात नाही.

== सध्याचा वापर ==

=== दुसऱ्या तिमाहीतील चाळणी ===

डाउन संलक्षण असलेल्या गर्भाच्या आईच्या रक्तात मुक्त इस्ट्रिऑल कमी असते, हे १९८८ मध्ये निदर्शनास आले. त्याच वर्षी निकोलस वॉल्ड आणि सहकाऱ्यांनी अल्फा-फीटोप्रोटीन, मुक्त इस्ट्रिऑल आणि एचसीजी या तीन घटकांना आईच्या वयाची जोड देऊन तिहेरी चाचणी मांडली. पुढे इनहिबिन-ए या चौथ्या घटकाची भर पडून चौहेरी चाचणी रूढ झाली. भारतातील प्रयोगशाळांत या चाचण्या अनुक्रमे 'ट्रिपल मार्कर' व 'क्वाड्रुपल मार्कर' या नावांनी ओळखल्या जातात. त्या साधारणपणे पंधराव्या ते विसाव्या आठवड्यात करतात.

निष्कर्ष नुसत्या नॅनोग्रॅममध्ये वाचला जात नाही. गर्भवतीचा आकडा त्याच आठवड्यातील निरोगी गर्भावस्थांच्या मध्यकाच्या किती पट आहे, हे पाहिले जाते. डाउन संलक्षणात मुक्त इस्ट्रिऑल व अल्फा-फीटोप्रोटीन मध्यकाच्या सुमारे ०.७ पट, तर एचसीजी सुमारे दुप्पट असते. एडवर्ड्स संलक्षणात तिन्ही घटक कमी असतात. पाच टक्के निरोगी गर्भावस्थांना चुकीने जोखमीच्या ठरवले जाईल अशी मर्यादा धरल्यास तिहेरी चाचणी डाउन संलक्षणाच्या सुमारे ६० ते ७० टक्के गर्भावस्था ओळखते. चौहेरी चाचणीचे प्रमाण याहून अधिक आहे. या चाचण्या केवळ संभाव्यता सांगतात, निदान करत नाहीत. निश्चित निदानासाठी गर्भजल किंवा वारेच्या ऊतीचा नमुना तपासावा लागतो. अलीकडे पहिल्या तिमाहीतील संयुक्त चाचणी आणि आईच्या रक्तातील मुक्त डीएनएची तपासणी यांमुळे तिहेरी चाचणीचा वापर कमी झाला आहे.

=== वंध्यत्वावरील उपचार ===

बाह्य फलन उपचारात बीजांडे वाढवणारी औषधे दिली जात असताना ध्वनिप्रतिमेबरोबर इस्ट्राडायॉलची पातळीही पाहिली जाते. पीतपिंड तयार होऊ न देता गोठवलेला भ्रूण गर्भाशयात सोडल्यास वार कार्यक्षम होईपर्यंत इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन बाहेरून द्यावे लागते. या प्रसंगी शरीरात खरोखरच नसलेल्या संप्रेरकाची उणीव भरून काढली जाते.

=== अकाली प्रसूतीचे भाकीत ===

प्रसूतीच्या दोन-तीन आठवडे आधी इस्ट्रिऑल वाढते, या निरीक्षणावर आधारित लाळेची चाचणी १९९० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत मान्य झाली. चुकीचे इशारे अधिक येत असल्याने ती नित्य वापरात रुजली नाही.

== कमी इस्ट्रिऑलची कारणे ==

चाळणी चाचणीत मुक्त इस्ट्रिऑल कमी आढळण्याचे एक साधे कारण म्हणजे गर्भाचे वय चुकीचे मोजले जाणे. दुसऱ्या तिमाहीत त्याचे प्रमाण दर आठवड्याला सुमारे एक पंचमांशाने वाढते. त्यामुळे पाळीची तारीख दोन आठवड्यांनी चुकली तरी निरोगी गर्भाचा आकडा कमी भासतो. म्हणूनच चाचणीपूर्वी ध्वनिप्रतिमेने गर्भाचे वय निश्चित करणे आवश्यक असते. अन्य कारणे पुढीलप्रमाणे आहेत.

* वारेतील सल्फेटेजचा अभाव : हा दोष एक्स गुणसूत्राशी निगडित असून तो बहुतेक मुलग्यांत आढळतो. इस्ट्रिऑल जवळजवळ शून्यावर येते. बाळाची त्वचा पुढे खवल्यांसारखी कोरडी होते, परंतु बहुतेक बाळे अन्यथा निरोगी असतात.
* गर्भाच्या अधिवृक्क ग्रंथींची अपुरी वाढ.
* स्मिथ-लेम्ली-ओपिट्झ संलक्षण : कोलेस्टेरॉल तयार करण्यातील हा जन्मजात दोष आहे. कोलेस्टेरॉल हे सर्व स्टेरॉइड संप्रेरकांचे मूळ द्रव्य असल्याने इस्ट्रिऑलही घटते.
* गुणसूत्रांतील दोष किंवा गर्भाचा मृत्यू.
* आईने घेतलेली स्टेरॉइड औषधे.

यांतील काही कारणे निरुपद्रवी व काही अतिशय गंभीर आहेत, त्यामुळे एकट्या आकड्यावरून कोणताही निर्णय घेतला जात नाही.

== निष्कर्षांचे वाचन ==

प्रयोगशाळांच्या अहवालांत भिन्न एकके वापरली जातात. इस्ट्राडायॉलचा १ पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर म्हणजे सुमारे ३.६७ पिकोमोल प्रति लिटर होय. त्यामुळे दोन अहवालांची तुलना करण्यापूर्वी एकक पाहणे आवश्यक ठरते. मोजण्याची पद्धत बदलल्यासही आकडा बदलतो. केस व नखांसाठी घेतल्या जाणाऱ्या बायोटिन या जीवनसत्त्वाची मोठी मात्रा काही प्रतिरक्षामापन चाचण्यांचे निष्कर्ष बिघडवते.

नेहमीच्या अहवालात छापलेल्या संदर्भमर्यादा बहुधा गर्भवती नसलेल्या स्त्रियांच्या असतात. गर्भवतीची पातळी त्यांच्या कितीतरी पट असणे स्वाभाविक आहे. गर्भावस्था सुरळीत आहे किंवा नाही हे ठरवण्यासाठी आज गर्भाची वाढ, हालचाल, हृदयाचे ठोके आणि आईचा रक्तदाब यांना प्राधान्य दिले जाते. इस्ट्रोजेनचा आकडा मागवला गेल्यास तो गर्भाच्या निश्चित वयाशी आणि ज्या प्रश्नाच्या उत्तरासाठी चाचणी केली त्या प्रश्नाशी जोडूनच वाचला जातो.